खेळाडू मुलीनें कॉलेज कसें निवडावें?

विद्या आणि क्रीडा यांचें हाडवैर आहे, अशी समजूत आपल्याकडील कित्येक घरांत अद्यापि आहे. परीक्षा जवळ आली कीं बॅट माळ्यावर टाकावयाची आणि निकाल लागला कीं ती खालीं काढावयाची, हा आपला नेहमींचा रिवाज. त्यामुळें मुलींच्या संघांतील एखादी चांगली खेळाडू दहावीच्या वर्षीं मैदानावरून नाहींशी झाली, तर कोणास नवल वाटत नाहीं. सॉफ्टबॉल हा खेळ महाराष्ट्रांतील शालेय क्रीडास्पर्धांत आहे. शिवछत्रपति क्रीडा पुरस्काराच्या मानकऱ्यांतहि सॉफ्टबॉलचे खेळाडू आहेत. परंतु हा खेळ जेथें जन्मास आला त्या अमेरिकेंत, खेळाडू मुलीनें पुढें कोणत्या कॉलेजांत जावें हा प्रश्न अगदीं निराळ्या रूपानें उभा राहतो. आज पुष्कळ मराठी कुटुंबें तिकडे स्थायिक झालीं आहेत. त्यांच्या मुली तेथील शाळांतून हा खेळ खेळतात, आणि १४-१५ वर्षांच्या मुलीच्या आईबापांपुढें असा पेंच येऊन पडतो कीं त्याची तोंडओळखहि त्यांना स्वतःच्या विद्यार्थिदशेंत झालेली नसते. म्हणून या लेखांत त्या प्रश्नाचा थोडा खोलांत शिरून विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ सालीं शिकागो शहरांतील फॅरागट बोट क्लबांत झाला. येल व हार्वर्ड या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकण्यासाठीं कांहीं तरुण तेथें जमले होते. निकाल ऐकून हर्षभरित झालेल्या एकानें मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याच्या अंगावर भिरकावला आणि त्यानें तो काठीनें परत टोलविला. तें पाहून जॉर्ज हॅन्कॉक नांवाच्या गृहस्थास छपराखालीं खेळावयाच्या बेसबॉलची कल्पना सुचली, अशी हकीकत सांगतात. ‘सॉफ्टबॉल’ हें नांव मात्र १९२६ मधलें. नांवांत मऊपणा असला तरी चेंडू मऊ नसतो, हें ज्यांनीं तो एकदां उघड्या तळहातावर झेलला आहे त्यांना सांगावयास नको. चेंडूचा घेर १२ इंच. कॉलेजांतील मुलींच्या सामन्यांत पिचर व होम प्लेट यांमधील अंतर ४३ फूट. आणि चेंडू खांद्यावरून न फेंकतां, हात पवनचक्कीच्या पात्यासारखा फिरवून खालून फेंकावयाचा. या एका क्रियेवर सारा सामना हेलकावे खातो, आणि तिनेंच पुष्कळ मुलींचे खांदे दुखावतात. या गोष्टीकडे पुढें पुन्हां यावयाचें आहे.

अमेरिकेंतील मुलींच्या खेळाला खरा बहर आला तो १९७२ सालच्या कायद्यानंतर. ‘टायटल नाइन’ या नांवानें तो प्रसिद्ध आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनें स्त्रीपुरुष असा भेद करतां कामा नये, असें त्यानें ठरविलें. मुलांसाठीं फुटबॉलवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या कॉलेजांना मुलींसाठींहि संघ काढणें भाग पडलें, आणि सॉफ्टबॉलला जागा मिळाली. नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन या संस्थेनें (यापुढें तिला नुसतें ‘असोसिएशन’ म्हणूं) १९८२ पासून या खेळाचें कॉलेजांतील अजिंक्यपद सुरू केलें. तिच्या तीन विभागांत मिळून आज सुमारे १,००० कॉलेजांचे सॉफ्टबॉल संघ आहेत. त्यांपैकीं पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागांत ३०० च्या आसपास. निवड करावयाची ती या एवढ्या मोठ्या बाजारांतून.

आपल्याकडील व्यवस्थेशीं तुलना केली म्हणजे तेथील प्रकार चटकन् समजतो. आपल्याकडे खेळ परीक्षेला हातभार लावतो. राज्य वा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यास दहावी-बारावीच्या परीक्षेंत क्रीडागुण मिळतात. तिकडे याच्या उलट, परीक्षा खेळाला परवानगी देते. पहिल्या विभागांत खेळावयाचें तर मुलीनें नववी ते बारावी या चार वर्षांत ठराविक विषयांचे १६ वार्षिक अभ्यासक्रम पुरे केले पाहिजेत: इंग्रजीचे ४, गणिताचे ३, विज्ञानाचे २, सामाजिक शास्त्रांचे २ आणि उरलेले ५ या किंवा मान्य केलेल्या इतर विषयांचे. त्यांतील गुणांची सरासरी ४ पैकीं निदान २.३ हवी. एवढ्यावर भागत नाहीं. बारावीचें वर्ष सुरू होण्यापूर्वीं १६ पैकीं १० अभ्यासक्रम झालेले असले पाहिजेत, त्यांत ७ इंग्रजी, गणित व विज्ञान यांचे. आणि या १० अभ्यासक्रमांचे गुण मागाहून पुन्हां परीक्षा देऊन सुधारतां येत नाहींत. म्हणजे नववींत बीजगणिताकडे केलेलें दुर्लक्ष सतराव्या वर्षीं आड येतें. दुसऱ्या विभागाची सरासरी २.२ आहे. हा झाला केवळ उंबरठा. चांगलीं कॉलेजें याच्या पुष्कळ वर पाहतात, आणि असोसिएशननें २०२३ पासून सॅट किंवा अॅक्ट या प्रवेशपरीक्षांची अट काढून टाकली असली तरी एखादें कॉलेज ती स्वतःपुरती ठेवूं शकतें.

आतां पैशाची गोष्ट उरकून घेऊं. तिच्याविषयींचे गैरसमज फार आहेत. मुलगी उत्तम खेळते, तेव्हां तिचें कॉलेज फुकट होईल, असें पुष्कळ बाप मनांत धरून बसतात, आणि त्या आशेनें ती १०-११ वर्षांची असल्यापासून शनिवार-रविवार गांवोगांवच्या स्पर्धा, खासगी शिक्षक, बॅटी आणि हॉटेलें यांवर खर्च करीत राहतात. वस्तुस्थिति काय आहे? २०२४-२५ पर्यंत पहिल्या विभागांतील कॉलेजास सॉफ्टबॉलसाठीं फार तर १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम देतां येत असे, आणि तिचे तुकडे करून ती २० च्या वर मुलींत वांटण्याची मुभा होती. बहुतेकींच्या वांट्यास तुकडाच येई. २०२५ सालीं एका मोठ्या दाव्यांतील तडजोड न्यायालयानें मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांपुरती ही मर्यादा गेली आणि तिच्या जागीं, संघांत २५ हून अधिक मुली घ्यावयाच्या नाहींत असा निर्बंध आला. कागदोपत्रीं आतां २५ हि जणींचा सारा खर्च देतां येईल. परंतु देण्याची मुभा असणें आणि तिजोरींत पैसा असणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. दुसऱ्या विभागांत मर्यादा ७.२ शिष्यवृत्त्यांची आहे. तिसऱ्या विभागांत तर खेळाबद्दल एक डॉलरहि देण्यास मनाई आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदि ८ विद्यापीठांचा जो आयव्ही लीग, तो पहिल्या विभागांत मोडतो खरा, पण त्यांचाहि नियम हाच. तेथें घरची सांपत्तिक स्थिति पाहून मदत मिळते, बाहूचें बळ पाहून नव्हे.

हिशेब करून पाहूं. समजा, एका कॉलेजाचा वर्षाचा एकंदर खर्च ६०,००० डॉलर आहे आणि त्यानें खेळाबद्दल चौथा हिस्सा देऊं केला. घरून ४५,००० डॉलर द्यावे लागले. दुसरें कॉलेज तिसऱ्या विभागांतलें. खर्च तितकाच, खेळाबद्दल शून्य, परंतु मुलीचे गुण पाहून त्यानें २५,००० ची विद्यावेतनवजा सूट दिली. घरून ३५,०००. चार वर्षांत ४०,००० डॉलरांचा फरक पडला, आणि तो पाडला बीजगणिताच्या वहीनें. तरीहि शेजाऱ्यापाजाऱ्यांत पहिल्या कॉलेजाचें कौतुक अधिक होतें. कारण ‘खेळाची शिष्यवृत्ति मिळाली’ या वाक्यांत जी ऐट आहे ती दुसऱ्यांत नाहीं. ऐटीसाठीं ४०,००० डॉलर ही किंमत आम्हांस फार वाटते.

परंतु पैसा हा या निवडीचा अर्धाच भाग आहे. दुसरा अर्धा भाग वेळेचा. आणि आमच्या मतें खरी मेख तेथेंच आहे.

असोसिएशनचा पहिल्या विभागाचा नियम असा कीं, हंगामांत विद्यार्थिनीकडून आठवड्यास २० तासांहून आणि दिवसास ४ तासांहून अधिक वेळ खेळासाठीं घ्यावयाचा नाहीं, आणि आठवड्यांतून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावयाची. ऐकण्यास हें मोठें वाजवी वाटतें. पण हे तास कसे मोजतात तें पाहा. सामन्याचा दिवस, मग सामने दोन असोत वा एक, ३ तासांचा धरतात. प्रवासाचे तास मोजीतच नाहींत. गुडघ्यावर बर्फ बांधून दवाखान्यांत बसलेला तास मोजीत नाहींत. पहिल्या विभागांत एका हंगामांत ५६ पर्यंत सामने खेळतां येतात आणि ते फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत बसवावे लागतात. उत्तरेकडील कॉलेजांच्या मैदानांवर फेब्रुवारींत बर्फ असतें. म्हणून त्या मुली आठवड्यामागून आठवडा दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या उबदार प्रांतांत विमानानें जातात. गुरुवारीं दुपारीं निघावयाचें, रविवारीं मध्यरात्रीं परत यावयाचें आणि सोमवारीं सकाळीं ८ वाजतां रसायनशास्त्राच्या वर्गांत डोळे उघडे ठेवावयाचे, असा तो क्रम असतो. तिसऱ्या विभागांत सामने ४० पर्यंतच असतात आणि बहुतेक प्रवास बसनें जाऊन त्याच रात्रीं परतण्याजोगा; हा फरक आंकड्यांत लहान दिसला तरी झोपेच्या हिशेबांत लहान नाहीं.

एवढ्यावरून खेळ सोडावा असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. हजारों मुली या वेळापत्रकांतून सुखरूप पार पडतात. वेळ थोडा असल्यामुळेंच त्या तो जपून वापरण्यास शिकतात, हेंहि खरें. प्रश्न असतो तो मुलीला काय शिकावयाचें आहे याचा. इतिहास, इंग्रजी, व्यापारशास्त्र या विषयांचे वर्ग सकाळीं आटोपतां येतात. चुकलेलें टिपण मैत्रिणीकडून उतरून घेतां येतें. परंतु प्रयोगशाळा बहुधा दुपारीं असते आणि सरावहि दुपारींच असतो. चुकलेला प्रयोग मैत्रिणीच्या वहींतून करतां येत नाहीं. परिचारिकेच्या शिक्षणांत रुग्णालयांतील कामाच्या पाळ्या ठरलेल्या असतात. एंजिनियरिंगमध्यें एक विषय मागें राहिला कीं त्याच्या पुढचा विषय वर्षभर लांबतो. कित्येक संघांत परिचारिका किंवा एंजिनियर होऊं पाहणारी एकहि मुलगी नसते, आणि त्याचें कारण कोणी उघड सांगत नाहीं. म्हणून कॉलेज पाहावयास गेलेल्या आईबापांनीं प्रशिक्षकास ‘तुमच्याकडे एंजिनियरिंग करतां येतें काय?’ असें विचारूं नये. उत्तर नेहमीं ‘होय’ असेंच येणार. ‘सध्यांच्या संघांत कोण कोण करीत आहे, आणि दुसऱ्या वर्षाची प्रयोगशाळा तिनें कोणत्या वेळीं केली?’ असें विचारावें.

याला जोडून आणखी एक नियम आहे, तो फारच थोड्यांस ठाऊक असतो. पहिल्या विभागांत खेळत राहावयाचें तर तिसरें वर्ष सुरू होतांना पदवीच्या अभ्यासक्रमाचा ४० टक्के, चौथें सुरू होतांना ६० टक्के आणि पांचवें सुरू होतांना ८० टक्के भाग पुरा झालेला असावा लागतो. हेतु चांगला आहे. खेळाडूनें नुसतें खेळून पदवीवांचून बाहेर पडूं नये. पण त्याचा एक वांकडा परिणाम होतो. अठराव्या वर्षीं निवडलेला विषय विसाव्या वर्षीं आपला नव्हे असें कळून येणें, ही कॉलेजांतली अगदीं स्वाभाविक गोष्ट आहे. साधी विद्यार्थिनी विषय बदलते आणि एक सहामाही जास्त काढते. खेळाडू मुलीनें विषय बदलला तर नव्या पदवीचा तिचा हिस्सा एकदम ४० टक्क्यांच्या खालीं येतो आणि तिला मैदानाबाहेर बसावें लागतें. मग कित्येक जणी नावडता विषयच पुढें रेटतात, किंवा वेळापत्रकांत सोयीचा म्हणून एखादा विषय घेतात. ज्या मुलीला काय व्हावयाचें हें अजून ठरवितां आलेलें नाहीं, तिनें या गोष्टीचा विचार इतरांपेक्षां दुप्पट करावा.

दोन्ही बाजू उत्तम रीतीनें संभाळल्याचें एक ठळक उदाहरण आहे. डॉट रिचर्डसन या खेळाडूनें एक वर्ष वेस्टर्न इलिनॉय विद्यापीठांत काढून मग लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत प्रवेश घेतला. १९८२ सालीं पहिलें अजिंक्यपद जिंकणाऱ्या त्या विद्यापीठाच्या संघांत ती होती. शरीराच्या हालचालींचें शास्त्र हा तिचा विषय. पुढें १९९३ सालीं लुइव्हिल विद्यापीठांतून ती डॉक्टर झाली आणि अस्थिरोगांच्या शस्त्रक्रियेचें शिक्षण घेऊं लागली. १९९६ सालीं ऑलिंपिकमध्यें सॉफ्टबॉल पहिल्यानेंच आला, तेव्हां तिनें रुग्णालयाकडून एक वर्षाची रजा मागून घेतली आणि अटलांटा येथें चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यांत होमरन मारून सुवर्णपदकास मोठा हातभार लाविला. २००० सालीं सिडनीसहि ती सुवर्णपदकाच्या संघांत होती. या कहाणींतून आपल्या मुलीनेंहि असेंच व्हावें असा बोध कोणी काढूं नये. अशा बाया एका पिढींत एखाद-दुसरीच निघते. आम्हांस तीं सालें महत्त्वाचीं वाटतात. पदवी, वैद्यकी आणि ऑलिंपिक हीं तिनें एकाच वेळीं कवटाळलीं नाहींत. एकामागून एक घेतलीं, आणि मधें रजा मागण्याचा संकोच केला नाहीं. तिच्या विषयाचा व खेळाचा मेळ होता हेंहि ध्यानांत घेण्याजोगें आहे.

अलीकडचें उदाहरण निराळ्या जातीचें आहे. नायजेरी कॅनडी ही पिचर २०२३ व २०२४ हे दोन हंगाम स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून खेळली. स्टॅनफर्डसारखी विद्येची ख्याति असलेलीं विद्यापीठें जगांत बोटांवर मोजण्याइतकीं. २०२४ सालीं ती टेक्सस टेक विद्यापीठांत गेली. खेळाडूच्या नांवाच्या वापराबद्दल तेथें तिला एका वर्षाचे १० लाख डॉलरांहून अधिक मिळाले, आणि २०२५ मध्यें तो संघ अंतिम सामन्यांपर्यंत जाऊन टेक्सस विद्यापीठाकडून हरला. कित्येकांनीं नाकें मुरडलीं. आम्हांस तसें करवत नाहीं. १० लाख डॉलर ही रक्कम एका कुटुंबाचें चालू आयुष्य बदलते, आणि पदवी तर टेक्सस टेकहि देतें. मात्र हा हिशेब अशा एकीचाच आहे. ज्या मुलीपुढें १० लाख नसून ८,००० डॉलर ठेवले आहेत, तिनें त्याच धडाडीनें उत्तम विद्यापीठ सोडणें म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापानें आपला जोडा शिवणें होय.

कारण या खेळाच्या पलीकडे पोट भरण्याची सोय फार थोडी आहे. सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्यें १९९६ पासून २००८ पर्यंत होता, मग निघाला, टोकियोच्या २०२१ सालीं भरलेल्या ऑलिंपिकमध्यें परत आला, २०२४ सालीं पॅरिसला नव्हता आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठीं पुन्हां घेण्यांत आला. अमेरिकेंत धंदेवाईक मुलींची एक नवी लीग २०२५ च्या उन्हाळ्यांत ४ संघांनिशीं सुरू झाली. ४ संघांत किती मुली मावतील हें सांगावयास नको. कॉलेजचा शेवटचा सामना हाच बहुतेकींचा आयुष्यांतला शेवटचा मोठा सामना असतो, आणि त्या वेळीं त्या २२ वर्षांच्या असतात.

आम्ही एक कसोटी सुचवितों. कॉलेजांची यादी समोर ठेवून मुलीनें प्रत्येक नांवापाशीं थांबावें आणि असें समजावें कीं येत्या ऑक्टोबरांत आपल्या खांद्याची शीर तुटली, किंवा प्रशिक्षक दुसरीकडे गेला आणि नव्यास आपण नको आहोंत. मग या गांवांत, या वसतिगृहांत, या वर्गांत आपण आनंदानें राहूं काय? ज्या नांवापाशीं उत्तर ‘नाहीं’ असें येईल तें खोडावें. कांहीं आईबापांना हें अभद्र बोलणें वाटतें. परंतु खांदा दुखावणें, गुडघ्याचा बंध तुटणें आणि प्रशिक्षकानें अधिक पगारावर दुसरीकडे जाणें, या तिन्ही गोष्टी या खेळांत नित्याच्या आहेत. शिवाय चौथीहि एक गोष्ट आहे, ती दुखण्याची नसून बसण्याची. मैदानावर ९ जणी उतरतात. फलंदाजीसाठीं नेमलेली धरली तर १०. २५ जणींच्या संघांत १५ बांकावर बसतात. शाळेंत कधींच न बसलेली मुलगी तेथें दोन वर्षें बसूं शकते. पहिल्या विभागाच्या बांकावर बसण्यांत तिला धन्यता वाटेल, कीं तिसऱ्या विभागांत रोज खेळण्यांत, हें तिचें तिलाच ठाऊक. बापानें तिच्या वतीनें ठरवूं नये. आमचें मत विचाराल तर खेळ हा खेळण्यासाठीं असतो.

याची दुसरी बाजूहि तितक्याच निक्षून सांगितली पाहिजे, कारण आपल्या मराठी घरांतील चूक बहुधा दुसऱ्या टोंकाची असते. विद्यापीठाच्या नांवाला भुलून, खेळाला ‘अर्जांत लिहिण्यापुरतें’ बाळगावयाचें आणि प्रवेश मिळतांच तो टाकावयास लावावयाचा, हा व्यवहार मुलीच्या लक्षांत आल्यावांचून राहत नाहीं. दहा वर्षें जिनें या चेंडूबरोबर सकाळ-संध्याकाळ काढली, तिला संघ म्हणजे परक्या गांवांत आयतें मिळालेलें घर असतें. आयव्ही लीगमधील आणि तिसऱ्या विभागांतील कित्येक निवडक कॉलेजांत प्रशिक्षकाचा शब्द प्रवेशाच्या वेळीं उपयोगीं पडतो. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यांत ते मुलीची गुणपत्रिका आधींच प्रवेशकचेरीस दाखवून ती पार पडण्याजोगी आहे कीं नाहीं याचा अंदाज घेतात. उत्तम गुण आणि चांगला खेळ या दोहोंच्या जोडीनें जीं दारें उघडतात तीं नुसत्या गुणांनीं पुष्कळदां उघडत नाहींत. तेव्हां दार उघडून देणाऱ्या खेळालाच उंबरठ्यावर टाकणें कृतघ्नपणाचें आहे, आणि प्रशिक्षकाशीं तर ती सरळ प्रतारणाच.

वेळेचें गणितहि थोडें सांगितलें पाहिजे. पूर्वीं आठवी-नववींतल्या मुली कॉलेजांना तोंडी होकार देऊन बसत. तेरा वर्षांच्या पोरीला आपण काय होणार हें काय कळे! २०१८ सालीं असोसिएशननें नियम केला कीं, पहिल्या विभागांतील प्रशिक्षकांनीं अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपूर्वीं सॉफ्टबॉलच्या मुलीशीं निवडीसंबंधानें बोलणें वा पत्रव्यवहार करूं नये. हा फार शहाणपणाचा नियम झाला. त्याचा अर्थ त्या दिवसापर्यंत स्वस्थ बसावें असा नाहीं. नववी-दहावींत गुण नीट ठेवावे, आणि घरापासून जवळचीं तीन-चार निरनिराळ्या जातींचीं कॉलेजें, खेळाचें नांवहि न काढतां, नुसतीं पाहून यावीं. १ सप्टेंबरला फोन खणखणला नाहीं म्हणून रडूं नये. तिसऱ्या विभागांतील निवड बहुधा पुढें वर्षभर चालूं राहते. तोंडी वचनास कायद्याचें बळ नाहीं, हेंहि ध्यानांत असावें. पूर्वीं सही करावयाचें जें राष्ट्रीय पत्र असे तें २०२४ मध्यें बंद झालें. आतां आर्थिक मदतीचा लेखी करार हाच काय तो आधार. तो एका वर्षाचा आहे कीं चार वर्षांचा, उन्हाळी वर्गांचा खर्च त्यांत आहे कीं नाहीं, पांचवें वर्ष लागल्यास काय, हें शब्द न् शब्द वाचून मगच सही करावी.

प्रशिक्षकांस पत्र मुलीनें स्वतः लिहावें. बापाच्या भाषेंतील पत्र अनुभवी प्रशिक्षक पहिल्या ओळीलाच ओळखतो. पत्र लांब नसावें; इयत्ता, गुणांची सरासरी, कोणत्या जागीं खेळते, कोणता विषय शिकावयाचा आहे आणि याच कॉलेजाचा विचार कां केला, एवढें पुरे. हें शेवटचें वाक्य लिहितांना कित्येक मुलींची लेखणी अडते. अडली तर तें पत्र त्या दिवशीं पाठवूं नये. आधीं त्या कॉलेजाची माहिती वाचावी. भेटीस गेल्यावर मैदान, कपड्यांचीं कपाटें आणि नव्या बॅटी हीं सगळीं दाखवितातच. त्यांत पाहण्यासारखें फार थोडें असतें. वाचनालय रात्रीं कितीपर्यंत उघडें असतें, प्रवासांत चुकलेली परीक्षा प्राध्यापक कशी घेतात, गेल्या चार वर्षांत संघ सोडून गेलेल्या मुली कोठें गेल्या, हें विचारावें. शक्य असेल तर संघांतील मुलींबरोबर एक जेवण मुलीनें एकटीनें घ्यावें आणि आईबापांनीं तेवढा वेळ गांवांत फेरफटका मारून यावा. त्या टेबलाशीं, प्रशिक्षक जवळ नसतांना, तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी आपल्या झोपेविषयीं, अभ्यासाविषयीं आणि बांकाविषयीं जें बोलेल, तें छापील माहितीपत्रकांत कोठेंहि मिळावयाचें नाहीं. परततांना गाडींत लगेच प्रश्नांचा भडिमार करूं नये. तिनें ऐकलेलें तिला घरीं पोहोंचेपर्यंत मनाशीं घोळवूं द्यावें, आणि दुसऱ्या दिवशीं यादी व पेन्सिल तिच्या हातीं द्यावी.